मोडक्या नाकाला बसेल असं मशीन

कुस्तीच्या मैदानात मी माईक हातात धरून झोपलो आणि घोरलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी ते मोबाईलवर पाहिलंय आणि उरलेल्या निम्म्यांना पहिल्या निम्म्यांनी पाठवलंय.

माझं काम निवेदनाचं. सातारा-सांगलीकडं गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांची मैदानं भरतात, तिथं लाल मातीच्या हौद्याच्या कडेला उभं राहून मी बोलतो. कोण कुणाचा पठ्ठा, कुठल्या तालमीचा, कुणाला कुठला डाव येतो, कुणाच्या चुलत्यानं कुणाच्या बापाला कुठल्या जत्रेत अस्मान दाखवलं होतं, सगळं तोंडपाठ. तरुणपणी मीही लढलोय. पुढं गुडघा गेला, तोंड तेवढं राहिलं, ते चालवतोय. घरचा ऊस धाकटा भाऊ बघतो. जत्रांचा हंगाम सुरू झाला की मी घरी पाहुण्यासारखा येतो आणि जातो. आज कोरेगाव, उद्या फलटण, परवा आटपाडीकडं.

त्या दिवशी कोरेगावच्या बाजूला मैदान होतं. शेवटची मोठी कुस्ती लागली आणि दोघंही पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसतेच उभे राहिले. कोणी डाव करेना, कोणी हटेना. हलगीवाल्यानंही हात आवरता घेतला. वर ऊन, पोटात जत्रेचं जेवण. मी जरा खुर्चीला टेकलो, एवढंच मला आठवतं. मग पंचानं माझ्या मांडीवर थाप मारली. डोळे उघडले तर सगळं मैदान माझ्याकडं बघून हसतंय. हौद्यातले दोघं एकमेकांची मान न सोडता हसतायत. माझं घोरणं कर्ण्यातून ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत गेलं होतं. आणि झोपेतून उठताना मी चवताळून ओरडलो होतो, "कोण घोरतंय रं तिकडं?" तेही माईकवर.

घरी पोचायच्या आधी व्हिडिओ घरी पोचला होता. भाऊ हसून हसून लोळत होता. भावाची बायको पदराआड हसत होती. माझी बायको मात्र हसत नव्हती. तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "परत बगा. हसू नगा, नुसतं ऐका."

मी ऐकलं. घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकदम बंद पडतो. लोक हसतायत, शिट्ट्या मारतायत, पण माझ्याकडून काहीच नाही. बराच वेळ नाही. मग पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा मी एक मोठा श्वास ओढतो आणि परत घोरायला लागतो.

"घोरताना समद्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "मधी बंद पडलं त्ये कुणी ऐकलं न्हाई. मी रोज ऐकते."

मी म्हटलं, थकवा असेल. ती म्हणाली, थकवा न्हाई, उद्या सांगलीला जायचं. आमच्यात भांडण झालं. गेलो सांगलीलाच.

डॉक्टरनं आधी टेप काढली आणि माझ्या गळ्याभोवती लावली. आता पैलवानाला टेप लावली की पैलवान काय करतो? मी श्वास भरला, खांदे पाडले आणि मान फुगवली. आमच्या तालमीत दंड, छाती, मान मोजायची वेळ आली की सगळे असंच करायचे. माझी मान तर पंचक्रोशीत नावाजलेली. डॉक्टर आकडा बघून म्हणाला, "पैलवान, फुगवू नका. इथं मोठा आकडा आला तर बक्षीस नाही, आजार आहे." बायकोनं तोंड फिरवलं. जाड मान आणि घोरणं यांचं नातं असतं म्हणे. जी मान कमवायला तरुणपण घालवलं, तीच आता आतून नरड्यावर बसायला लागली होती.

मग त्यानं बायकोला विचारलं की झोपेत काय काय होतं. ती आधी लाजली, मग तिनं माझी नक्कल करून दाखवली. घोरणं, मग गप्प, मग धक्का. इतकी हुबेहूब की बाहेरून नर्स डोकावून गेली. "आवाज बंद पडला की मी कोपर मारते," ती म्हणाली. "मग परत सुरू व्हतंय." मी इतकी वर्षं समजत होतो की घोरण्याला वैतागून मारते.

"आणि हे बाहेरगावी मुक्कामाला असतात तेव्हा?" डॉक्टरनं विचारलं.

"तवा काय, बसते."

"बसता म्हणजे?"

"अंथरुणात बसते. फोन उशाला ठिवते. जरा डुलकी लागती, परत जाग येती. सकाळी ह्यांचा फोन आला की मग उठते कामाला."

मला हे ठाऊक नव्हतं. बाहेरगावाहून सकाळी फोन केला की ती पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलायची. चार लोकांत मी फुशारकी मारायचो, बायको असावी तर अशी, फोन हातातच घेऊन बसलेली असते. डॉक्टरसमोर ती हे सांगत होती आणि मला भयंकर राग येत होता, पण कुणाचा ते कळेना. शेवटी मी डॉक्टरवरच खेकसलो की पुढं काय करायचं ते सांगा.

पुढं घरीच झोपेची तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाला नळी. निकाल आला तो वाईटच होता. डॉक्टरनं समजावलं की झोपेत गळ्यातलं मांस सैल पडून श्वासाची वाट मिटते. मशीन नाकातून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. मला हे एका वाक्यात पटलं. आमच्या उसातली ठिबकची नळी पाणी नसलं की चपटी पडते आणि दाब आला की फुगते, तसंच हे. "ह्या मशीनशिवाय झोपायचं नाही," तो म्हणाला. "घरी नाही आणि बाहेरही नाही."

"ऐकलं न्हवं?" बायको म्हणाली. "मशीन हाताशी आल्याबिगर गावाबाहेर मुक्काम न्हाई. मग जत्रा असू दे न्हाई तर काय असू दे."

पहिलं मशीन वापरून बघायला म्हणून भाड्यानं आणलं. चांगलं दांडगं, पाण्याची टाकी असलेलं. आत पाणी गरम होतं आणि दमट हवा नाकात येते, त्यामुळं घसा सुकत नाही. पहिल्या सकाळी मी उठलो तो कित्येक वर्षांनी उठल्यासारखा उठलो. डोकं हलकं, अंग हलकं. चहा न पिता उसाच्या बांधापर्यंत चालत गेलो आणि उगाच भावाला दोन शिव्या घालून आलो. लय बरं वाटलं.

पण भावाच्या बायकोनं मला मास्क लावून दुपारी आडवा झालेला बघितला आणि ती कुणाला तरी बोलली. संध्याकाळपर्यंत गावात झालं, पैलवानाला ऑक्सिजन लावलाय. आमच्याकडं माणूस आजारी पडला की बघायला जायची रीत आहे, आणि कुणी हात हलवत येत नाही. केळी, शहाळी, बिस्किटाचे पुडे. आत्या कोरेगावहून रडतच आली. शेजारचा निवृत्त सुभेदार खुर्ची ओढून बसला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि म्हणाला, "मेडिकल कॅटेगरी डाऊन झाली म्हणा की." मी म्हटलं, सुभेदार, मी ठणठणीत आहे, केळी घ्या आणि निघा. तो केळं खात तासभर बसला.

खरी अडचण पुढं होती. जत्रेच्या गावात मुक्काम म्हणजे कुठं? शाळेच्या खोलीत, देवळाच्या मंडपात, कुणाच्या तरी माडीवर. पैलवान, पंच, हलगीवाले, मी, सगळे ओळीनं सतरंजीवर. भिंतीला प्लग एकच, आणि त्याला सगळ्या तालमीचे मोबाईल लटकलेले. लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणजे मशीन बॅटरीवर चाललं पाहिजे. पण पाणी गरम करणारं मशीन बॅटरी पिऊन टाकतं, रात्र निघत नाही. शिवाय ती टाकी, ते खास पाणी, ते खोकं घेऊन हिंडणार कोण? फिरतीसाठी लहान मशीन मिळतं असं डॉक्टर म्हणाला. ते बघायला आम्ही दोघं सांगलीतल्या दुकानात गेलो.

लहान मशीन मला बघताक्षणी आवडलं. जेवणाच्या डब्याएवढं, हातात मावणारं. बॅटरी लावली तर रात्र सहज निघते. दुकानदारानं चालू करून दाखवलं तर आवाजही नाही फारसा. मी म्हटलं, हेच द्या. तो म्हणाला, थांबा, ह्यात पाणी नाही. नळीत एक छोटी जाळी असते, ती तुमच्याच श्वासातली ओल धरून ठेवते. पण झोपेत तोंड उघडं राहिलं तर ओल निघून जाते आणि घसा कोरडा पडतो.

"किती कोरडा?" मी विचारलं.

"सकाळी आवाज बसतो काहींचा."

बायको माझ्याकडं बघायला लागली. मी मशीनकडं बघायला लागलो. माझं सगळं जगणं त्या आवाजावर. घसा बसलेल्या निवेदकाला कोण बोलावतंय? आणि मी तोंड उघडंच ठेवून झोपतो. माझं नाक लढताना मोडलंय, डावीकडं वळलेलं आहे. हवा जाते, पण एका बाजूनं कमी. कानही मोडलेले, घासून घासून गोळा झालेले. दुकानदारानं एकेक मास्क लावून बघितला. एक नाकाच्या वळणावरून हवा सोडायचा, फुस्स आवाज करून. दुसऱ्याचा पट्टा कानावर बसायचा आणि मी कळवळायचो. तोंडही झाकणारा मोठा मास्क त्या लहान मशीनला बसतच नव्हता. शेवटी नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन मऊ रबरी टोप्या असलेला मास्क बसला. त्याचा पट्टा कानाच्या वरून जातो.

"आता तोंडाचं बघू," दुकानदार म्हणाला आणि त्यानं खणातून एक पांढरा पट्टा काढला. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर आवळायचा, म्हणजे झोपेत जबडा उघडत नाही. त्यानं मला बाकावर आडवं केलं, पट्टा बांधला आणि म्हणाला, वहिनी, बघा कसं बसलंय.

"काडा त्ये!" बायको अशी ओरडली की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "आदी काडा म्हंते मी!"

बिचाऱ्याला कळेना काय चुकलं. मला कळलं. आमच्याकडं माणूस गेला की तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून पांढरी पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारतात. तिनं सासऱ्यांची बांधलेली बघितली होती, स्वतःच्या बापाचीही. ती चपला घालून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. मी पट्टा दुकानदाराच्या हातात दिला, लहान मशीन तेवढं चार दिवसांसाठी वापरायला मागून घेतलं आणि बाहेर आलो.

ते मशीन घेऊन फलटणच्या बाजूला एका मैदानाला गेलो. झोप झाली, श्वास थांबला नाही, सगळं ठीक. पण सकाळी तोंडात वाळू भरल्यासारखं झालं. गरम पाणी प्यालो, गूळ चघळला, खडीसाखर चघळली. लहान पोरांच्या कुस्त्या कशातरी निभावल्या. मोठी जोड लागली, एका पठ्ठ्यानं ढाक मारून दुसऱ्याला चीत केलं, मैदान उठून उभं राहिलं, आणि मी ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. पत्र्यावर काठी ओढावी तसा काहीतरी निघाला. पंचानं माईक माझ्या हातातून हळूच घेतला आणि स्वतःच निकाल पुकारला. जत्रा कमिटीचा माणूस पाठीवर हात ठेवून म्हणाला, "इश्रांती घ्या वस्ताद." त्या शब्दाचा अर्थ मला चांगला कळतो. कोरेगावात लोक हसले तेव्हा मला राग आला होता. फलटणला कुणी हसलं नाही आणि मला रडू आलं.

घरी येऊन मी मशीन पलंगावर आपटलं नाही एवढंच. म्हटलं, शिराळ्याकडचं मैदान आलंय. तिथं मी बिनमशीनचा जाणार. एक मुक्काम. इतकी वर्षं नाही मेलो, एका मुक्कामानं मरत नाही.

"मरा की," ती म्हणाली. "मी बसते जागी. हाय की मला सवं."

ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तर हातात माझा गुलाबी फेटा आणि कात्री. तो फेटा मला पहिल्या मैदानाला बांधला होता. मी ओरडलो, "अगं ए, फेटा हाय त्यो माजा!" तोवर तिनं तो दातात धरून टर्रकन फाडला होता.

"डोक्याला बांधत हुता, आता हनवटीला बांधा," ती म्हणाली. "पांढरं मी बांदू देनार न्हाई. आणि डोक्यावर गाठ बी मारायची न्हाई."

माझ्या जुन्या गुडघ्याच्या पट्ट्याचं चिकटणारं कापड तिनं उसवलं आणि फेट्याच्या दुहेरी पट्टीला शिवलं, असं की ते कानामागं बाजूला चिकटावं, डोक्यावर नाही. दुपारभर मशीनवर बसली होती, शिवणाच्या. मग मला खाटेवर आडवं केलं. नाकात मशीनच्या टोप्या, हनुवटीला गुलाबी पट्टा. पायाकडून बघितलं, उशाकडून बघितलं. म्हणाली, "उताणं नगा निजू. कुशीवर व्हा." मी झालो. मग म्हणाली, "बोला काय तरी."

"कसं बोलू, तोंड बांधलंयस न्हवं तू," मी दातातल्या दातात म्हटलं.

तेव्हा ती हसली. कोरेगावच्या व्हिडिओपासून पहिल्यांदा हसली. डॉक्टरला फोन करून विचारलं, असा पट्टा चालेल का. तो म्हणाला, नाकातून दोन्ही बाजूंनी हवा जातेय, मी तपासलंय, चालेल, फार आवळू नका. दुकानदाराला सांगून तेच लहान मशीन बॅटरीसकट विकत घेतलं. मोठं भाड्याचं परत केलं. सुभेदार म्हणाला, डिस्चार्ज मिळाला वाटतं.

शिराळ्याच्या बाजूच्या त्या गावात आमचा मुक्काम देवळाच्या मंडपात होता. मी बॅग उघडून मशीन लावलं, पट्टा बांधला. पोरांनी चेष्टा केलीच. एक म्हणाला, वस्ताद, सोंड चांगली हाय. दुसरा म्हणाला, हनवटीला फेटा बांधलेला नवरदेव पयल्यांदाच बगतोय. मी हात हलवून त्यांना झोपा असं खुणावलं, कारण तोंड उघडता येत नव्हतं.

सकाळी उठलो. पट्टा सोडला आणि घसा खाकरून बघितला. "हं." परत, जरा मोठ्यानं. घसा ओला होता. देवळामागं जाऊन उगाच एका जोडीचा पुकारा करून बघितला, गाव, तालीम, वस्ताद सगळ्यासकट. आवाज होता. सगळा होता. नळावर तोंड धुणारी पोरं टाळ्या वाजवायला लागली.

आधी घरी फोन लावला. रिंग वाजली. पहिली गेली, दुसरी गेली. सगळ्या वाजून फोन बंद झाला. परत लावला. परत तेच. ती फोन उचलत नाही असं कधी झालंच नव्हतं. उन्हं वर आली होती, ह्या वेळेला ती धारा काढून मोकळी झालेली असते. मनात नको नको ते आलं. चूळ भरायचीही शुद्ध राहिली नाही. भावाच्या बायकोला फोन लावला.

"अगं, तुजी ताई कुटं हाय? फोन उचलंना ती. जाऊन बघ आदी."

"दार लोटल्यालं हाय, भावजी. मला वाटलं कुटं गेल्यात. धारा मीच काडल्या."

"जाऊन बघ म्हंतो न्हवं!"

ती चालत गेली. तिच्या चपलांचा आवाज, कडीचा आवाज मला फोनमधून येत होता. मग काहीच नाही.

"अगं बोल की!"

"निजल्यात," ती कुजबुजली. "गाढ निजल्यात. फोन उशालाच हाय. उटवू का?"

"नीट बघ. श्वास चाललाय का बघ."

"आवं भावजी, चांगल्या घोरत्यात की! ऐका."

तिनं फोन जवळ नेला. मी देवळाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि दुसऱ्या कानात बोट घातलं, कारण वेशीवर हलगी वाजायला लागली होती. बायकोचं घोरणं बारीक, संथ, एकसारखं येत होतं. मधे कुठं थांबतंय का, ते मी ऐकत राहिलो. थांबत नव्हतं.

"उटवू नगं," मी म्हटलं. "दार लोटून घे आणि जा तू."